दुसऱ्यांदा आलास तर

"पैसे आहेत गं, पण ते माझे नाहीत," असं म्हणत मादाम सिदोनींनी बुटाच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि पाय आत कोंबला.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. टाचण्या तोंडात असल्या की मला भांडता येत नाही, आणि त्या दिवशी मला भांडायचंच होतं.

"मांडीवर पिशवी घेऊन बसलायत तुम्ही. आत नोटा आहेत. मला माहीत आहे, बातिस्तला माहीत आहे, कोपऱ्यावरच्या पाववाल्यालासुद्धा माहीत आहे. आणि बुटाला भोक! लोक म्हणतील, तेरेझिनाने भाडं घेऊन घेऊन म्हातारीला धुवून काढलं."

"ते भांडवल आहे."

"भांडवल! खेळणारा माणूस जाऊन तिसरा हिवाळा लागला. आता कशाचं डोंबलाचं भांडवल?"

त्या काही बोलणार होत्या, पण खोकल्याची ढास लागली. इतकी, की कापायच्या टेबलाची कड धरून उभं राहावं लागलं. मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, पेला पुसून जागेवर ठेवला, आणि पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरायला लागल्या. कुठे निघाल्या ते विचारायची गरज नव्हती. खाली जुगारघराच्या दारासमोर जी गोल बाग आहे, तिथल्या एका बाकावर त्या रोज दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसत. नवरा होता तेव्हाही बसत आणि तो गेल्यावरही.

पिशवीची गोष्ट आधी सांगते, म्हणजे माझा संताप कळेल.

मादामचे यजमान मस्यू ओदिलों उत्तरेकडच्या गेंट शहरात सूतगिरणीत कारकून होते. छाती बिघडली तेव्हा डॉक्टरने उबेच्या गावी जायला सांगितलं, म्हणून घर विकून दोघं इकडे आली आणि आमच्या दुकानावरची खोली त्यांनी घेतली. छातीसाठी आलेली माणसं आज ना उद्या खालच्या त्या दारातून आत जातातच. मस्यूही गेले. पण पहिला हिवाळा त्यांनी जुगाराच्या टेबलावर फिरणाऱ्या चाकाकडे नुसतं बघण्यात घालवला. एक पैसा लावला नाही. संध्याकाळी वर येऊन मला म्हणायचे, "तेरेझिना, चाक काय करणार हे देवालाही माहीत नसावं. माणसाला सांभाळता येतो तो फक्त आपला खिसा."

आता खिशाची भाषा माझ्याशी! माझं सगळं आयुष्य खिसे बंद करण्यात गेलं. टेबलावर चाक फिरवणारी, दांड्याने पैशांचे बिल्ले ओढणारी जी माणसं असतात, त्यांनी बिल्ला लपवू नये म्हणून त्यांच्या कपड्यांना खिसा ठेवायचा नाही असा तिथला दंडक. ते कपडे आमच्याकडे शिवायला येतात. माझा नवरा बातिस्त त्यांच्यातलाच एक. लग्नाच्या दिवशी भाड्याच्या कोटात त्याला खिसा सापडला, तर दिवसभर त्यातून हात बाहेर काढेना.

तर मस्यूंनी बेत ठरवला तो असा. सगळे पैसे पिशवीत, पिशवी मादामकडे, आणि मादाम बाहेर बाकावर. त्यांनी आत पाऊल टाकायचं नाही. रोज सकाळी त्या दिवसाच्या दोन पुड्या बांधायच्या, निळ्या लोकरीच्या धाग्याने, मादामच्या गाठीने. एक पुडी घेऊन मस्यू आत जात. काळा नाहीतर लाल, एवढंच खेळत, आणि एका वेळी पुडीतला इतका लहान तुकडा लावत की शेजारी बसलेल्या बायका हसत. पुडी पावपट वाढली की उठायचं, चाक कितीही लाडात आलेलं असो. वाढलेल्यातलं अर्धं चुलीला, अर्धं पिशवीला. पिशवीतलं मात्र खायचं नाही. भूक लागली तरी नाही, आजारी पडलं तरी नाही. पुडी संपली तर बाहेर येऊन बाकापाशी हात पुढे करायचा, मग मादाम दुसरी पुडी देणार. वाटेत मन पालटलं आणि गाठ न सोडता पुडी परत आणून दिली, तर ती पिशवीत जाणार आणि ते मागणं धरायचं नाही.

आणि शेवटचा नियम मस्यूंनी मादामकडून शपथेवर कबूल करून घेतला होता. "त्याच दिवशी दुसऱ्यांदा मागायला आलो, तर तू मला ओळखायचं नाहीस. मी कितीही गयावया केली तरी. कारण तो मी नसेन."

हा नियम चालताना मी या डोळ्यांनी पाहिलाय. बातिस्तचा शिवलेला कोट पोचवायला मी खाली गेले होते. मस्यू दारातून तरातरा आले ते थेट बाकाशी, टोपी मागे सरकलेली, चेहरा लालबुंद.

"सिदो, एकच. आज काळ्याने मला छळलंय, आता लाल येणारच गं!"

मादाम लोकर विणत होत्या. मान वर करून अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "माफ करा, मी तुम्हाला ओळखत नाही."

"सिदो, ही थट्टा नाही! हे बघ, हात जोडतो."

"तुमची काहीतरी गफलत होतेय. माझे यजमान आत आहेत."

मस्यू तिथेच उभे. मला वाटलं, आता हा माणूस म्हातारीच्या मुस्काटात देतो. पण त्यांनी हळूच टोपी उचलली, परक्या बाईपुढे उचलतात तशी. "क्षमा असावी, मादाम," म्हणाले, आणि बागेला एक फेरी मारून आले. फेरी मारून आल्यावर मादामनी विणकाम गुंडाळलं आणि म्हणाल्या, "आलास? चल, सूप गार होईल." दुसऱ्या दिवशी मादामच्या पदराशी, म्हणजे त्यांच्या शालीला, जांभळ्या फुलांचा गुच्छ खोचलेला होता.

असं अनेक वर्षं चाललं. बातिस्त म्हणायचा, "टेबलावर रोज कुणी ना कुणी नवी युक्ती घेऊन येतो. कागद, पेन्सिल, मोठमोठी गणितं. महिन्याभरात गायब. हा म्हातारा तेवढा टिकून आहे. अर्थात शेवटी चाक सगळ्यांचंच घेतं. हा बापडा सगळ्यांत हळू देतोय, एवढंच." तेही खरं होतं. पिशवी वर्षावर्षाला थोडी थोडी हलकी होत होती. पण तुटपुंजी का होईना, गिरणीची पेन्शन होती, मादाम लेस विणून विकत, आणि कधी शुक्रवारी मस्यू जिंकले की बटाटे आणि सुक्या माशाचा रस्सा शिजल्याचा वास आमच्या दुकानापर्यंत येई. रात्री वर चढताना मस्यूंना धाप लागायची, म्हणून कठड्याची बाजू त्यांची आणि भिंतीची बाजू मादामची. ही जोडी पायऱ्यांवरून येताना दिसली की आम्ही दुकान आवरायला घेत असू.

तीन हिवाळ्यांपूर्वी ते संपलं. त्या दिवशी मस्यू एकदा बाहेर आले, हात पुढे केला, मादामनी दुसरी पुडी दिली. मस्यू पुन्हा आत गेले. दिवे लागायच्या सुमाराला ते परत बाहेर आले, बाकापाशी उभे राहिले. मादाम म्हणाल्या, "माफ करा, मी तुम्हाला ओळखत नाही." मस्यूंनी टोपी उचलली. चार पावलं चालून पलीकडच्या ताडाखाली जाऊन बसले ते उठलेच नाहीत. बातिस्तची पाळी नुकतीच संपली होती. त्याने आणि माळ्याने मिळून खुर्चीवर बसवून त्यांना वर आणलं. दारापर्यंत श्वास होता म्हणतात. मी बघितलं तेव्हा नव्हता.

मादामनी त्यांच्या अंगातला कोट काढून खिळ्याला अडकवला. तो तसाच राहिला. झटकला नाही, उन्हात घातला नाही, खिशात हात घातला नाही. आणि तिसऱ्या दिवसापासून पिशवी घेऊन पुन्हा बाकावर.

पहिल्या वर्षी मी समजून घेतलं. दुःखात माणूस काहीही करतं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, सवय आहे, पाय वळत असतील. या हिवाळ्यात मात्र त्यांच्या खोकल्याने माझी झोप उडाली, तेव्हा मी डॉक्टरला वर नेलं. डॉक्टरने पाठ ठोकून बघितली आणि जिन्यात मला म्हणाला, "बाहेर थंडीत बसणं बंद. नाहीतर निदान जाड कोट आणि धड बूट. नाहीतर हा हिवाळा त्या काढायच्या नाहीत."

मी वर जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

"उद्यापासून बाकावर जायचं नाही."

"जावं लागतं, तेरेझिना."

"कोण मारतंय का न गेलात तर?"

त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाल्या, "तो येतो ना."

"कोण?"

"कोण म्हणजे काय? दिवे लागले की येतो. बाकापाशी उभा राहतो. मी त्याला पुडी द्यायला किती वेळा पिशवीत हात घातला. पण तो पहिल्यांदा कधी येतच नाही गं. येतो तो दुसऱ्यांदाच येतो. मग मला ते म्हणावं लागतं. रोज."

"आणि मग?"

"मग टोपी उचलतो आणि जातो."

घाबरले की मी ओरडते, हा माझा जन्मजात दोष. "हे सगळं उपाशी पोटाचं आहे!" मी ओरडले. "पोटभर सूप प्या, बूट घ्या, मग बघू कोण येतंय ते! पिशवीतल्या दोन नोटा काढल्या तर आभाळ कोसळणार आहे का?"

"तो दोघांचा पैसा आहे. त्याला विचारल्याशिवाय कसा काढू? आणि तो दुसऱ्यांदा आलेला असताना त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरलंय."

मी कपाळावर हात मारला आणि खिळ्याकडे बघितलं. मस्यूंचा कोट. जाड, काळा, गेंटचं कापड, कोपरं सोडली तर अजून दहा वर्षं निघेल असा.

"मग हा द्या. बाह्या कमी करते, खांदे आत घेते, तुमच्या मापाचा होईल. याला तर पैसे पडत नाहीत? यात भांडवल मोडत नाही?"

आठवडाभर नाही म्हणाल्या. मी रोज सूप घेऊन वर जायचे आणि रोज तेच विचारायचे. शेवटी एका सकाळी त्या कोट हातावर घेऊन स्वतःच दुकानात आल्या. टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"खिसे रिकामे करशील ना?"

"करावेच लागतील."

"मग एक ऐक. आतल्या खिशात काय होतं ते मला सांगू नकोस."

मी सुई खाली ठेवली.

"त्याने दुसरी पुडी त्या खिशात ठेवली होती," त्या कोटाकडे बघत म्हणाल्या. "माझ्यासमोर बटण लावलं होतं. खिसा रिकामा असला तर तो हरला होता, आणि पैसे मागायला आला होता. मग मी केलं ते ठरल्याप्रमाणे केलं. आणि पुडी तिथेच असली, तर..." त्यांना खोकला आला. "मला सांगू नकोस. शपथ घे."

मी शपथ घेतली. घ्यायला नको होती. मला तोंड बंद ठेवता येत नाही हे आमच्या अख्ख्या बोसोले गावाला ठाऊक आहे.

त्या गेल्यावरही मी लगेच हात घातला नाही. आधी दोन विजारी शिवल्या. इस्त्री तापवली. मग स्वतःलाच शिवी दिली, कोट पालथा घातला आणि आतल्या खिशाचं बटण काढलं.

पुडी होती. निळा धागा, मादामची ती बारीक गाठ, जशी बांधली तशी. कुणी नखसुद्धा लावलं नव्हतं.

म्हणजे म्हातारा पैशासाठी आलाच नव्हता. छातीत कळ आली असणार. टेबलावरून उठून, सगळ्या अनोळखी माणसांना सोडून, तो आपल्या बायकोकडे आला. आणि बायको म्हणाली, मी तुम्हाला ओळखत नाही.

बातिस्त जेवायला आला तेव्हा मी पुडी त्याच्या ताटाजवळ ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"त्या दिवशी ते परत आत आले, पण बसले नाहीत," तो म्हणाला. "खुर्च्यांच्या मागे उभे होते. मी हाक दिली, 'आता लावा,' तर माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, टेबलाचा रंग बघतायत. थोड्या वेळाने बघतो तर नाहीत."

"हे तू कधी बोलला नाहीस!"

"त्यात बोलण्यासारखं काय होतं? न खेळणारी माणसं रोज दहा उभी असतात." तो पुडीला हात न लावता तिच्याकडे बघत बसला. "तिला सांगू नकोस."

"शपथच घेतलीय."

"नुसतं गप्प बसू नकोस. तू गप्प बसलीस की जगाला कळतं. सरळ सांग, खिसा रिकामा होता. एका वाक्यात म्हातारी सुटेल. आणि या पैशांतून तिला बूट घे, म्हणावं माझ्याकडून."

मला पटलं. देवाशप्पथ पटलं. इथल्या संतिणीचा, सेंत देव्होतचा, होडी जाळायचा सण दोन दिवसांवर होता. त्या निमित्ताने बूट दिले तर कुणाला संशयही येणार नव्हता. रात्रभर मी ते एक वाक्य घोकलं. सकाळी कोट पुरा केला. बाह्या आखूड केल्या, खांदे आत घेतले, आतला खिसा मात्र उसवला नाही. का ते मला विचारू नका. खिसे बंद करता करता हात थकले असतील.

दुपार कलल्यावर मी कोट हातावर घेतला, येताना बूट घ्यायचे म्हणून पुडी माझ्या पोलक्यात खोचली, आणि खाली उतरले.

समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. बागेतली सगळी माणसं आत पळाली होती. मादाम एकट्या बाकाच्या मधोमध बसल्या होत्या, शेजारी पिशवी, आणि पाय एकमेकांवर घासत होत्या. मी काही न बोलता कोट त्यांच्या खांद्यावर घातला, हात बाह्यांत घालून दिले, गळ्यापर्यंत बटणं लावली. बसला छान. त्यांनी कॉलर नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"मादाम," मी म्हटलं, "खिसा रिकामा होता."

त्या डोळे मिटूनच राहिल्या.

"तेरेझिना, इतक्या वर्षांत तू माझ्याशी कधी इतक्या हळू बोलली नाहीस."

"घसा धरलाय माझा."

"दे इकडे."

"काय देऊ?"

"पुडी दे. पोलक्यात हात ठेवून उभी आहेस मघापासून."

मी रडायलाच लागले. अशी भर बागेत, दारावरच्या शिपायासमोर. पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "मला माफ करा, बातिस्त म्हणाला म्हणून, आणि मला वाटलं..."

"रडू नकोस. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो पैसे मागायला नव्हता आला." त्या पुडी उलटसुलट करून बघत होत्या. "मागायला आला की हात पुढे करायचा. पहिल्यांदा येवो की दुसऱ्यांदा, आधी हात पुढे. त्या दिवशी हात इथे होता." त्यांनी स्वतःच्या छातीवर, कोटाच्या बटणांवर हात ठेवला. "चेहरा मेणासारखा झालेला. मी बघितलं. मला कळलं की काहीतरी झालंय. आणि मी उठणार, एवढ्यात माझ्या तोंडाने ते वाक्य म्हटलं. मी नाही गं म्हटलं, तोंडानेच म्हटलं. इतकी वर्षं म्हणत आलेलं. आणि त्यानेही टोपी उचलली. त्याच्याही हाताला तेच ठाऊक. तो चार पावलं गेला, मी म्हटलं, आता फेरी मारून येईल, मग विचारीन काय होतंय. तो फेरी मारून आलाच नाही."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांचे पाय हातात धरले. बर्फ होते नुसते. फाटक्या बुटातून वर्तमानपत्राचा ओला लगदा बाहेर आला होता.

"मग खिसा का उघडू दिला नाहीत इतकी वर्षं?"

"उघडला असता तर ते सगळ्यांसाठी खरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या एकटीपुरतं होतं तोवर चालत होतं."

दारात दिवे लागायला लागले. मादाम त्या गाठीवरून अंगठा फिरवत होत्या, आणि फिरवता फिरवता त्यांचा अंगठा थांबला.

"ही सोडलेली नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच. मी हातही लावला नाही."

"तू नाही गं. त्याने सोडलेली नाही." त्या ताठ बसल्या. आवाज एकदम बदलला, हिशेबाला बसल्यावर करड्या बायकांचा होतो तसा. "गाठ न सोडता पुडी परत आली तर काय करायचं?"

"मला काय माहीत? तुमचे नियम."

"पिशवीत जाते. आणि ते मागणं धरायचं नाही." त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. "धरायचं नाही म्हणजे त्याने त्या दिवशी एकदाही मागितलेलं नाही. तेरेझिना, त्याचा नियम आहे, मी बनवलेला नाही. तो दुसऱ्यांदा आलाच नव्हता."

त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं आणि पुडी आत टाकली. मग पिशवी शेजारून उचलून मांडीवर घेतली आणि बाकाच्या कडेला सरकून बसल्या. अर्धा बाक मोकळा झाला.

मी मागे वळून बघितलं नाही. मला धीर नव्हता. कुत्र्याच्या पिलाला थंडी वाजावी तशी मी कुडकुडत होते आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. दारातल्या दिव्यांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यांनी हळूहळू मान वर केली, उभ्या माणसाकडे बघायला करतात तेवढीच. ओठ हलले. ते सवयीचं वाक्य ओठांवर येताना मला दिसलं. ते त्यांनी गिळलं.

"ये," त्या म्हणाल्या. "बस. किती दमलायस."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी जमिनीकडे बघत होते. एकदा वाटलं, त्या हसल्या. एकदा रडल्यासारखा आवाज आला. मग कोटाची सळसळ झाली आणि त्या उठल्या.

"चल, सूप गार होईल," असं म्हणाल्या. मला वाटलं मला म्हणाल्या, म्हणून मीही उठले. पण मला नव्हतं म्हटलं.

बागेतून वर जाणारा तो लांबलचक जिना आम्ही चढायला लागलो. मादाम पुढे, भिंतीला खेटून, कठड्याची बाजू मोकळी सोडून. मधेच थांबत होत्या. त्यांना स्वतःला दम लागला म्हणून नाही, सोबतच्याला लागला की थांबतात तशा, मान वळवून, त्याचा श्वास परत येईपर्यंत. वरून एक भाजीवाली टोपल्या घेऊन उतरत होती. मादामनी भिंतीपासून सरकत तिला हात करून भिंतीच्या बाजूने जायला सांगितलं, आणि ती बिचारी काही न कळून गेली.

पाववाल्याच्या दिव्यापाशी त्या पुन्हा थांबल्या. पिशवी छातीशी धरलेली होती.

"मला बूट घ्यायचेत म्हणते मी," त्या कठड्याकडे तोंड करून म्हणाल्या. "यातल्या पैशांनी. घेऊ का?"

वाऱ्याखेरीज कशाचा आवाज नव्हता. मादामनी ऐकून घेतलं, आणि मान हलवली, जरा लाजल्यासारखी.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग काळेच घेते."

आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला. मी मागून चालत होते, भिंतीच्या बाजूने, कठड्याला हात न लावता.